विद्यार्थ्याला काय वाटले?

१९१५ च्या मे महिन्यात रॉबर्ट फ्रॉस्टने बोस्टनजवळच्या टफ्ट्स कॉलेजात आपल्या काही नव्या कविता वाचून दाखवल्या. इंग्लंडमध्ये सुमारे अडीच वर्षे काढून तो त्याच वर्षी फेब्रुवारीत मायदेशी परतला होता. वाचलेल्या कवितांमध्ये ‘द रोड नॉट टेकन’ होती. ती अजून छापूनही आली नव्हती. ‘अटलांटिक मंथली’त ती ऑगस्टमध्ये आली. फ्रॉस्टच्या लेखी ही कविता म्हणजे मित्राची केलेली थट्टा होती. एडवर्ड थॉमस हा त्याचा इंग्रज कवीमित्र. दोघे रानात फिरायला जात तेव्हा थॉमस एक वाट धरायचा आणि घरी परतल्यावर दुसऱ्या वाटेने गेलो असतो तर बरे झाले असते म्हणून हळहळायचा. त्या हळहळीवर ही कविता बेतलेली आहे. कवितेतला वाटसरू दोन वाटांपाशी थबकतो, एक निवडतो, आणि पुढेमागे सुस्कारा टाकत आपण या निवडीची मोठी कहाणी सांगू, असे म्हणतो. मधल्या ओळींत मात्र दोन्ही वाटा सारख्याच मळलेल्या होत्या, हेही तो सांगून टाकतो.

टफ्ट्सच्या श्रोत्यांनी कविता गंभीरपणे घेतली. वाचतानाच्या आविर्भावावरून आपण गंमत करत आहोत हे कळावे यासाठी फ्रॉस्टने आपल्या परीने प्रयत्न केला होता, पण कोणी हसले नाही. त्याने हे थॉमसला पत्राने कळवले आणि दोष स्वतःकडे घेतला. मौज अशी, की ज्याची थट्टा केली त्या थॉमसलाही ती थट्टा वाटली नव्हती. कोणी दाखवून दिल्याशिवाय यातली गंमत कुणाला दिसेल असे वाटत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. थॉमस पुढे सैन्यात भरती झाला आणि ९ एप्रिल १९१७ रोजी अरासच्या लढाईत मारला गेला. त्यानंतर ही कविता नुसती थट्टा म्हणून वाचणे खुद्द फ्रॉस्टलाही किती जमले असेल, कोण जाणे.

गेली काही वर्षे मी एका प्रश्नाच्या मागे आहे. अमेरिकेतल्या गाजलेल्या कविता आणि कथा वर्गात शिकवल्या जाऊ लागल्यावर विद्यार्थ्यांना त्या वाचून काय वाटले, याचा लेखी पुरावा कुठे आहे? लेखकांची पत्रे जपली जातात, समीक्षकांचे ग्रंथ छापले जातात, प्राध्यापकांची व्याख्याने ग्रंथालयात जातात. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका मात्र निकालानंतर रद्दीत जाते. टफ्ट्सच्या त्या मुलांचेच पाहा. त्यांना काय वाटले ते त्यांच्या शब्दांत आपल्यापाशी नाही. आहे ती कवीची एका ओळीची तक्रार. त्यामुळे या विषयाचा इतिहास लिहायचा तर तो दुसऱ्यांच्या कागदपत्रांतून, बहुधा विद्यार्थ्यांवर नाराज असलेल्या माणसांच्या कागदपत्रांतून उकरावा लागतो. मला जे सापडले ते येथे काळाच्या क्रमाने मांडतो.

निनावी कागद

विद्यार्थ्यांचे शब्द मोठ्या संख्येने आणि जसेच्या तसे छापण्याचे श्रेय आय. ए. रिचर्ड्सला द्यावे लागते. केंब्रिज विद्यापीठात त्याने एक प्रयोग केला. कवीचे नाव न देता कविता छापलेले कागद तो विद्यार्थ्यांना वाटायचा. आठवडाभर कविता हवी तितक्या वेळा वाचा आणि मनात येईल ते मोकळेपणाने लिहून द्या, एवढीच सूचना. आलेल्या अभिप्रायांवर तो वर्गात व्याख्याने देई. त्यांतल्या तेरा कविता आणि त्यांवरचे शेकडो अभिप्राय १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात आले. लिहिणारे बहुतेक जण इंग्रजी घेऊन ऑनर्सची पदवी करणारे, म्हणजे साहित्याचे निवडक विद्यार्थी होते.

या तेरांत एडना सेंट व्हिन्सेंट मिले आणि हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो हे अमेरिकी कवीही होते. लाँगफेलोची कविता केंब्रिजच्या दफनभूमीवरची होती. हे केंब्रिज अर्थात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधले. गावच्या दफनभूमीत एक स्त्री चिरविश्रांती घेते आहे आणि तिच्या उशाशी व पायथ्याशी एकेक गुलाम पुरलेला आहे. ही बाई गर्विष्ठ होती की विनम्र, असा प्रश्न कवी मिश्किल सुरात विचारतो. इंग्लंडच्या केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना सगळ्या तेरा कवितांत हीच सर्वांत नावडती ठरली. दफनभूमी दिसली की पुढे काय येणार हे त्यांच्या मनाने आधीच ठरवून टाकलेले होते, आणि ते येण्याआधीच त्यांनी निकाल दिला.

रिचर्ड्सने या साऱ्या अभिप्रायांची चिकित्सा करून वाचनातल्या दहा अडचणींची यादी केली. साधा शब्दार्थच न कळणे, कवितेतल्या नादाकडे कान नसणे, स्वतःच्याच आठवणींत वाहवत जाणे, ठरावीक विषयाला ठरावीक भावना देऊन मोकळे होणे, भावविवशता, आणि त्याच्या उलट टोकाचा भावनेचा धसका, अशी ती यादी आहे. आजही एखादा शिक्षक ती वाचेल तर प्रत्येक कलमापुढे त्याला आपल्या वर्गातला एखादा चेहरा आठवेल. रिचर्ड्स विद्यार्थ्यांची टिंगल करत नव्हता. इतक्या शिकलेल्या मुलांचे हे असे होत असेल तर आपल्या शिकवण्यातच काहीतरी उणे आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही त्याची भूमिका वैद्याची होती. विद्यार्थ्याचा अभिप्राय म्हणजे रोगाचे लक्षण. लक्षणे नोंदवायची, निदान करायचे आणि औषध शोधायचे.

वाचकाला वर्गाबाहेर काढले

औषध सापडले ते अमेरिकेत. लुइझियाना राज्य विद्यापीठात शिकवणाऱ्या क्लिअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन या दोघांनी १९३८ मध्ये ‘अंडरस्टँडिंग पोएट्री’ हे पाठ्यपुस्तक काढले आणि १९४३ मध्ये कथेसाठी ‘अंडरस्टँडिंग फिक्शन’. कवीचे चरित्र बाजूला ठेवा, काळाची पार्श्वभूमी बाजूला ठेवा, ‘किती सुंदर!’ हे उद्गार तर सगळ्यात आधी बाजूला ठेवा आणि कागदावर काय आहे ते पाहा, अशी ही शिकवण होती. प्रतिमा काय करतात, सूर कुठे बदलतो, कथेत निवेदक कोण आहे, असे प्रश्न धड्याखाली असत. पुढे यालाच नवसमीक्षेची पद्धत म्हणू लागले.

ही पद्धत फोफावण्यामागे एक साधे व्यावहारिक कारणही होते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकण्याची सोय १९४४ च्या कायद्याने झाली. १९४७ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के माजी सैनिक होते. यांतल्या अनेकांच्या घरात पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. वर्ग तुडुंब भरले. अशा वर्गात ग्रीक पुराणे आणि इंग्लंडच्या राजांच्या वंशावळी ठाऊक असण्याची अट घालून चालणार नव्हते. पानावरची चौदा ओळींची कविता मात्र सेनापतीच्या मुलासमोर आणि शेतमजुराच्या मुलासमोर सारखीच असते. या अर्थाने नवसमीक्षेने वर्गाचे दार उघडले, हे तिच्या विरोधकांनीही मान्य करायला हवे.

त्याच दाराने वाचक मात्र बाहेर गेला. विल्यम विमसॅट आणि मन्रो बिअर्ड्सली यांनी १९४६ मध्ये, कवीचा हेतू काय होता यावरून कविता जोखणे हा तर्कदोष आहे, असे मांडले. १९४९ मध्ये दुसरा निबंध आला. त्यात वाचकावर काय परिणाम झाला यावरून कविता जोखणे हाही दोषच ठरला. म्हणजे कवीला वाटते ते प्रमाण नाही आणि वाचकाला वाटते तेही नाही. टीकाशास्त्रात या मांडणीला आपले स्थान आहे. पण ती वर्गात उतरली तेव्हा तिचा अर्थ एकच झाला: तुला काय वाटले ते सांगू नकोस, बरोबर उत्तर सांग.

एका बाईंची वही

‘अंडरस्टँडिंग पोएट्री’ आले त्याच १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये आणखी एक पुस्तक निघाले. त्याचे नाव ‘लिटरेचर अॅज एक्स्प्लोरेशन’, लेखिका लुईस रोझेनब्लॅट. त्या १९०४ मध्ये अटलांटिक सिटी येथे जन्मल्या. आईवडील स्थलांतरित ज्यू. बर्नार्ड कॉलेजात पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजलेली मार्गारेट मीड त्यांच्यासोबत एकाच खोलीत राहत होती. पॅरिसला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि नंतर न्यूयॉर्क विद्यापीठात १९७२ पर्यंत शिकवले. २००५ मध्ये, शंभरी ओलांडून त्या गेल्या.

त्यांच्या १९७८ च्या ‘द रीडर, द टेक्स्ट, द पोएम’ या ग्रंथात एका प्रयोगाची हकीगत आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तो सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे. त्यांनी वर्गात फ्रॉस्टची ‘इट बिड्स प्रिटी फेअर’ ही चार ओळींची छोटी कविता कवीचे नाव न सांगता दिली. कविता वाचायला घेतल्या क्षणापासून मनात येईल ते लगेच लिहीत जा, असे सांगितले. रिचर्ड्सने आठवडा दिला होता. येथे वाचन चालू असतानाचे मन टिपायचे होते. कवितेत कुठल्यातरी नाटकाचे प्रयोग बरेच चालतील अशी चिन्हे आहेत. नटांच्या भांडणांची बोलणाऱ्याला फिकीर नाही. त्याला चिंता आहे ती फक्त सूर्याची, म्हणजे प्रकाशयोजना बिघडू नये एवढीच.

विद्यार्थ्यांच्या टिपणांत सुरुवातीला रंगभूमी आहे. कोणी निर्माता बोलतो आहे, नाटक चालेल की नाही याची चर्चा आहे, नटांच्या कुरबुरी आहेत. मग सूर्य येतो आणि पेन अडखळते. नाट्यगृहात सूर्य कशाला? काही जण तिथेच थांबतात. काही परत पहिल्या ओळीकडे जातात, आणि हे नाटक म्हणजे पृथ्वीवरचा माणसांचा सगळा व्यवहार असावा, ही भांडणे म्हणजे आपल्या लढाया असाव्यात, असे त्यांना दिसू लागते. आधी बांधलेला अर्थ स्वतःच्या हाताने मोडून दुसरा बांधण्याची ही क्रिया त्या कागदांवर दिसते. परीक्षेच्या उत्तरात ती कधीच दिसत नाही, कारण तिथे फक्त शेवटचा मजला दाखवायचा असतो.

यावरून रोझेनब्लॅटबाईंनी मांडले, की छापील मजकूर म्हणजे कविता नव्हे. मजकूर आणि वाचक यांची गाठ पडते त्या वेळी कविता घडते. वाचनाचे दोन प्रकार त्यांनी सांगितले. विषारी द्रव पोटात गेल्यावर बाटलीवरची चिठ्ठी वाचणाऱ्याला उतारा कोणता, एवढेच हवे असते. तो मजकुरातून काहीतरी उचलून नेण्यासाठी वाचतो. दुसरा प्रकार वाचत असताना आपल्यात जे घडते त्याकडेच लक्ष असण्याचा. शाळा कविता देते आणि वाचायला लावते ती मात्र बाटलीवरच्या चिठ्ठीसारखी, ही त्यांची खरी तक्रार होती.

बाईंच्या नावावर पुष्कळदा ‘ज्याला जो वाटेल तो अर्थ’ हे मत खपवले जाते. त्यांनी तसे म्हटलेले नाही. अर्थ लावताना मजकुरातल्या कशाचाही त्याच्याशी विरोध येता कामा नये आणि मजकुरात आधार नसलेले काही त्यात घुसडता कामा नये, या दोन अटी त्यांनी घातल्या होत्या. आपल्याकडे अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या अभ्यासाने मनाचा आरसा निर्मळ झाला पाहिजे असे म्हटले, ते येथे आठवते. रस सहृदयाच्या ठायी प्रकटतो हे खरे, पण आरसा पुसण्याचे कष्ट ज्याचे त्याने करायचे असतात.

नव्वद विद्यार्थी आणि एक काळी टोपी

ते कष्ट टाळले तर काय होते, याचे उदाहरण फ्लॅनरी ओ’कॉनरच्या पत्रांत आहे. जॉर्जिया राज्यातल्या मिलेजव्हिल या गावाबाहेर आईच्या शेतावर राहून, दुर्धर आजाराशी झगडत ही लेखिका लिहीत होती. १९६४ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ती वारली. ‘अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड’ ही तिची कथा १९५३ ची. सहलीला निघालेल्या एका कुटुंबाची गाडी उलटते, तुरुंगातून पळालेला ‘मिसफिट’ नावाचा गुन्हेगार तिथे येतो आणि आजीसकट सगळ्यांना ठार मारतो. मरण्याआधी आजीचा हात त्याच्या खांद्याला लागतो. ओ’कॉनर श्रद्धावान कॅथलिक होती. तिच्या दृष्टीने सगळी कथा त्या स्पर्शासाठी होती.

१९६१ मध्ये तिला एका इंग्रजीच्या प्राध्यापकाचे पत्र आले. तीन अध्यापक आणि तीन वर्गांतले नव्वद विद्यार्थी यांनी या कथेवर बराच काळ चर्चा केली होती. त्यांचा निष्कर्ष असा, की मिसफिट मुळात आलाच नाही. कुटुंबातला मुलगा बेली याच्या कल्पनेत तो आला आणि अपघातानंतरचे सगळे स्वप्नवत आहे. वास्तव संपून स्वप्न नेमके कुठे सुरू होते ते सांगावे, अशी त्यांची विनंती होती. २८ मार्च १९६१ च्या उत्तरात ओ’कॉनरने आपल्याला धक्का बसल्याचे लिहिले. हा अर्थ आपल्या हेतूपासून जितका दूर जाता येईल तितका दूर गेलेला आहे. तसे असते तर कथा म्हणजे एक हातचलाखी ठरली असती. कथेचा अर्थ वाचक विचार करील तसा वाढत जावा, पण तो एखाद्या स्पष्टीकरणात पकडून ठेवता येत नाही. शिक्षक कथेकडे संशोधनाचा प्रश्न म्हणून पाहू लागले आणि उघड नसलेले कुठलेही उत्तर चालेल असे मानू लागले, तर मुलांना गोष्टीचा आनंद घेणे कधीच येणार नाही, असे तिने बजावले. जिथे कथेविषयी भावनाच नाही तिथे सिद्धांत ती पुरवू शकणार नाही, हा तिचा मुद्दा होता.

तिचा आणखी एक किस्सा आहे. एका कॉलेजात व्याख्यानाला गेली असता एका तरुण अध्यापकाने विचारले, मिसफिटची टोपी काळी का? जॉर्जियात खेडवळ माणसे बहुतेक काळ्याच टोप्या घालतात, असे तिने सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. मग त्या टोपीचे महत्त्व काय, असे त्याने पुन्हा विचारले. डोके झाकणे, असे उत्तर तिने दिले.

नव्वद विद्यार्थी मठ्ठ होते असे मला वाटत नाही. ते हुशार होते आणि त्यांना शिकवलेले काम त्यांनी चोख केले. याचा पुरावा दहा वर्षांनी दुसऱ्या वर्गात मिळतो. १९७१ च्या उन्हाळ्यात स्टॅन्ली फिश बफेलोच्या विद्यापीठात शिकवत होता. एका वर्गासाठी त्याने फळ्यावर काही भाषाशास्त्रज्ञांची आडनावे एकाखाली एक लिहिली होती. नेमलेल्या वाचनाची ती यादी होती. पुढचा वर्ग सतराव्या शतकातल्या धार्मिक कवितेचा. फिशने यादीभोवती चौकट काढली, वर पानाचा क्रमांक घातला आणि ही धार्मिक कविता आहे, हिचा अर्थ लावा, असे सांगितले. विद्यार्थ्यांनी लावला. जेकब्ज या नावात त्यांना याकोबाची स्वर्गाला पोचणारी शिडी दिसली, रोझेनबाउममध्ये गुलाबाचे झाड आणि त्यातून कुमारी मेरी. फिशने यावरून वाचकसमूहच अर्थ घडवतो असा सिद्धांत मांडला. मला त्यात दुसरेही काही दिसते. त्या खोलीत एकाही विद्यार्थ्याने, सर, मला हे वाचून काहीच वाटले नाही, असे म्हटल्याची नोंद नाही. तसे म्हणण्याची सोय त्यांच्या शिक्षणात ठेवलेलीच नव्हती.

गावाचा रिवाज

विद्यार्थ्यांचे अभिप्राय जपले तर त्यांतून साहित्याखेरीज काळही वाचता येतो. शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ ही कथा ‘न्यूयॉर्कर’च्या २६ जून १९४८ च्या अंकात आली. एका सुखवस्तू खेड्यात दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात आणि जिच्या नावाने खुणेची चिठ्ठी निघते तिला शेजारीपाजारी, घरचेसुद्धा, दगड मारून ठार करतात. रिवाज का पडला हे कुणाला आठवत नाही. त्या उन्हाळ्यात जॅक्सनला तीनशेवर पत्रे आली. त्यांत गोंधळ, तर्कवितर्क आणि सरळ शिवीगाळ हे तीन सूर असल्याचे तिने पुढे एका व्याख्यानात सांगितले. हे असे कुठल्या गावात चालते आणि ते पाहायला मिळेल का, अशी चौकशी करणारी पत्रेही त्यांत होती.

पुढे कथा पाठ्यपुस्तकांत गेली. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना सिटी कॉलेजात लेखनकला शिकवणाऱ्या के हॉगार्ड यांनी ती सुमारे १९७० पासून वर्गात चर्चेला घेतली. आरंभीच्या वर्षांत विद्यार्थी हादरत, गावकऱ्यांचा निषेध करत. १९९७ मध्ये त्यांनी ‘क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन’मध्ये एका अलीकडच्या वर्गाची हकीगत लिहिली. त्या संध्याकाळी वर्गातला एकही विद्यार्थी, हे चूक आहे, असे म्हणायला तयार नव्हता. शेवट छान जमला, असे कोणी म्हटले; कोणी त्यामागचा विधी समजावून दिला. एका मध्यमवयीन परिचारिकेने, दुसऱ्यांच्या संस्कृतीचा भाग असेल तर आपण न्याय करू नये असे आम्हाला इस्पितळात शिकवतात, असे सांगितले. हॉगार्डबाई थंडगार पडल्या.

हा लेख वाचून अनेकांनी नव्या पिढीच्या नावाने बोटे मोडली. मला वाटते येथेही विद्यार्थी शिकवलेले उत्तरच देत होते. पूर्वी वर्गात प्रतीके शोधायला शिकवले होते, आता मत न देण्याचे सौजन्य शिकवले होते. दगड हातात घेतलेली माणसे समोर असताना पोटात जे कालवते, ते वहीवर येण्याआधीच गाळले जात होते.

समासातल्या खुणा

या कहाणीचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. बी.कॉम. होऊन एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात माझी उमेद गेली. इंग्रजी वाचायला मी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. माझा संग्रह आहे तो जुन्या बाजारातल्या पाठ्यपुस्तकांचा. त्यांत अमेरिकी साहित्याची संकलने पुष्कळ मिळतात आणि त्यामागे इतिहास आहे. अमेरिकेच्या १९५४ च्या पीएल-४८० कायद्यान्वये आलेल्या गव्हाची किंमत भारताने रुपयांत चुकती केली. त्या रुपयांतला काही भाग पुस्तकांवर खर्च झाला. १९६२ पासून मराठीसह भारतीय भाषांतली पुस्तके त्यातून अमेरिकेतल्या ग्रंथालयांत जाऊ लागली आणि अमेरिकी पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या येथे निघाल्या. १९६४ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर उभे राहिले. आपल्या विद्यापीठांतून अमेरिकी साहित्याचा स्वतंत्र पेपर रुळला तो याच सुमारास.

अशी अकरा संकलने माझ्याकडे आहेत. फ्रॉस्ट, एमिली डिकिन्सन, पो, हेमिंग्वे सगळे त्यांत आहेत. ज्यांनी ती वापरली त्या मुलांच्या पेन्सिलीच्या खुणा समासात आहेत. अवघड शब्दांचे मराठी अर्थ आहेत, ओळींखाली रेघा आहेत, ‘इम्पॉर्टंट’ आहे, कुठे दहा गुण, कुठे टीप लिहा असे आहे. कोकणातल्या किंवा बार्शीच्या एखाद्या मुलीला बर्फाळ रानातली ती कविता वाचून काय वाटले, ते अकरा पुस्तकांत एका ठिकाणीही नाही. तिला काही वाटलेच नसेल असे मी मानत नाही. ते लिहून ठेवण्याजोगे आहे, असे तिला कोणी सांगितले नव्हते. फ्रॉस्टची ती दोन वाटांची कविता सीबीएसईच्या नववीच्या ‘बीहाइव्ह’ पुस्तकातही वर्षानुवर्षे पहिली कविता म्हणून होती. लाखो मुलांनी तिच्यावर उत्तरे लिहिली असतील. त्यातली किती मुले दोन्ही वाटा सारख्याच मळलेल्या होत्या या ओळीपाशी अडखळली, हे सांगणारा कागद कोणाकडे असेल?

ज्याने स्वतः विचारले

आतापर्यंतच्या प्रत्येक उदाहरणात विद्यार्थी निनावी आहेत आणि त्यांच्याविषयी बोलणारा दुसराच कोणी आहे. एक अपवाद सापडला. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या ब्रूस मॅकअॅलिस्टर या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलाला प्रतीकांच्या शोधाचा कंटाळा आला होता. शिक्षिकेशी वाद घालत बसण्याऐवजी त्याने चार प्रश्न सायक्लोस्टाइल केले आणि दीडशे लेखकांना पाठवून दिले. तुम्ही प्रतीके जाणूनबुजून पेरता का? तुम्ही न पेरलेली प्रतीके वाचकांना सापडतात का? जुन्या थोर लेखकांनी ती ठरवून घातली होती असे तुम्हाला वाटते का? आणखी काही सांगायचे आहे का?

पंचाहत्तर जणांनी उत्तरे दिली. जॅक केरूअॅकने पहिल्या प्रश्नाला नकार दिला. आपण जाणूनबुजून प्रतीके घालत नाही, असे रे ब्रॅडबरीने कळवले. प्रतीक कृतीतून उगवते, असे राल्फ एलिसनने लिहिले. आयन रँडने प्रश्नातल्या व्याख्येवरच हरकत घेतली. जॉन अपडाइक, सॉल बेलो यांनीही वेळ काढला. मॅकअॅलिस्टर पुढे विज्ञानकथा लिहू लागला आणि लेखन शिकवूही लागला. ही पत्रे त्याने जपली. २०११ मध्ये ‘पॅरिस रिव्ह्यू’ने ती लोकांपुढे आणली. आपल्या शंकेवर विश्वास ठेवणारा आणि तिचा कागद सांभाळणारा हा विद्यार्थी. या सगळ्या दप्तरात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातात राहिलेला एवढाच एक गठ्ठा मला दिसला.

टफ्ट्सपासून पॅसाडिनापर्यंतची ही सगळी प्रकरणे समोर ठेवल्यावर मला एक गोष्ट पटली आहे. रिचर्ड्सचे विद्यार्थी घाईने चुकले, ओ’कॉनरचे नव्वद वाचक अतिहुशारीने चुकले, आणि दोन्ही वेळा स्वतःला काय वाटले याची तपासणी मजकुराशी ताडून करण्याची सवय नव्हती. रोझेनब्लॅटबाईंच्या वर्गात ती लावली गेली, कारण त्यांनी पहिल्या अडखळण्यालाही कागद दिला. आधी काय वाटले ते लिही, मग कवितेकडे परत जा आणि तुझे म्हणणे तिथे टिकते का ते पाहा: एवढ्या दोन पायऱ्या आहेत. पहिली गाळली की कोडी सोडवणे उरते, दुसरी गाळली की हट्ट उरतो.

म्हणून निवृत्त शिक्षकांना आणि घरोघरच्या माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुन्या वह्या खाली येतात आणि किलोच्या भावाने जातात. यंदा त्यांत एखाद्या कवितेवर किंवा कथेवर कुणी स्वतःच्या शब्दांत लिहिलेले पान असेल, मग ते इंग्रजीत असो वा मराठीत, शुद्धलेखन कसेही असो, तर ते फाडून वेगळे ठेवा आणि कोपऱ्यात सन, इयत्ता आणि गाव लिहा.